आम्ही दोघे आणि आमचे दुखणे

(संस्थेच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात वाचून दाखविलेले भाषण)



कार्यकारिणीने आम्हाला "वृद्धापकाळातील आरोग्य" या विषयावर बोलावे असे कळविले. आम्ही डॉक्टर नाही. आमच्यापैकी एकाने महापालिकेच्या शाळेत ३३ वर्षे मुलांना शिकविले आणि दुसरीने वस्तीत बालवाडी चालविली. आरोग्यावर बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच, की २०२२ च्या पावसाळ्यात आम्ही दोघेही एकाच घरात, एकाच वेळी आडवे झालो आणि तरीही आज आपल्यासमोर उभे आहोत. उभे म्हणजे एकजण उभा आहे. दुसरी समोर पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेली आहे, ते आपण पाहताच आहात.

वाचून दाखविण्याचे काम एकाकडे असले तरी हे भाषण आम्ही दोघांनी बसून लिहिले आहे. म्हणून यात "मी" कोठेही येणार नाही. जेथे एकाचेच काही सांगायचे असेल तेथे वस्तीत आम्हाला जशी हाक मारतात तसे "गुरुजी" आणि "बाई" असेच म्हणू. कोणी किती चुका केल्या याबद्दल लिहिताना आमचे दोनदा भांडण झाले, हेही आधीच कबूल करतो.

आपल्यापैकी पुष्कळांना आमचे घर ठाऊक आहे. कल्याण पूर्वेला तिसरा मजला, लिफ्ट नाही. १९८० च्या दशकात घर घेतले तेव्हा वरचा मजला हवेशीर म्हणून आम्हीच मागून घेतला होता. त्या वेळी पायऱ्या कोणी मोजल्या नव्हत्या. आता ठाऊक आहे, ५४ आहेत.

जुलैचा दुसरा आठवडा होता. पहाटे साडेपाचला पाणी येते. पिंप भरून बाई मोरीतून बाहेर येत असताना कठड्यावरून पाय घसरला आणि त्या उजव्या कुशीवर पडल्या. गुरुजी आवाजाने उठले. बाई म्हणाल्या, "काही नाही हो, मुरगळला असेल. आधी नळ बंद करा." नळ बंद झाला. बाईंना मात्र उठता येईना. कसेबसे ओढत खाटेवर आणले. आंबेहळदीचा लेप लावला. शेजारच्या एका आजीने चांगला चोळून देणारा माणूस आहे असे सांगितले आणि गुरुजी त्याला बोलवायला निघालेही होते. पाऊस फार होता म्हणून गेले नाहीत. त्या पावसाचे आम्ही आजही आभार मानतो.

उजवा पाय डाव्यापेक्षा थोडा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले होते. आम्ही दोघांनीही ते पाहिले. दोघांनीही एकमेकांना सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर ड्युटीवरून आल्या, त्यांनी दारातूनच पाय पाहिला आणि म्हणाल्या, "गुरुजी, हे मुरगळलेले नाही. खुब्याचे हाड मोडले आहे." म्हातारा माणूस पडला, खुबा किंवा जांघ दुखते, पाय उचलता येत नाही आणि पाऊल बाहेर वळले आहे, असे दिसले की चोळायचे नाही, लेप लावायचा नाही आणि उभे करून पाहायचे नाही. सरळ क्ष-किरण फोटो काढायचा. शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या दोन दिवसांत व्हावी असे डॉक्टर सांगतात, कारण म्हातारे माणूस जितके दिवस पडून राहते तितका छातीत कफ साठण्याचा, पाठीला जखमा होण्याचा आणि पायाच्या शिरेत गाठ होण्याचा धोका वाढतो. आम्ही त्यातले तीस तास आंबेहळदीत घालविले.

१०८ ची गाडी आली, पण जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळेना. शेवटी वस्तीतल्या चार मुलांनी प्लास्टिकच्या खुर्चीला बाईंना चादरीने बांधले आणि खाली उतरविले. त्या चारपैकी दोघे बाईंच्या बालवाडीतले. एक जण प्रत्येक पायरीला "बाई, झालंच, झालंच" म्हणत होता. त्याला लहानपणी दवाखान्यात सुई टोचताना बाई असेच म्हणत असत.

शस्त्रक्रिया झाली. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा काढून तेथे धातूचा बसविला. दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन उभे केले तेव्हा आम्हाला वाटले की ही माणसे निर्दय आहेत. पुढे कळले की लवकर उभे करणे हेच अर्धे औषध आहे. आठव्या दिवशी घरी सोडले. सोडताना एक कागद दिला. त्यावर मांडी घालून बसू नये, उकिडवे बसू नये, खाली वाकू नये, पायावर पाय टाकू नये, असे बरेच "नये" लिहिलेले होते. जमिनीवर बसून स्वयंपाक केलेल्या, जमिनीवर बसून शंभर मुलांना गाणी शिकविलेल्या आणि जमिनीवर बसून वंदना घेतलेल्या बाईने हे वाचले आणि कागद घडी करून उशीखाली ठेवला. त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत.

मुलगी पुण्याहून येऊन बारा दिवस राहिली. तिची रजा संपली, तिच्या मुलाची परीक्षा होती. मुलगा बंगळूरला असतो, तो शस्त्रक्रियेला येऊन, पैशांची सोय करून गेला. काही लोक आमच्यासमोर मुलांविषयी हळहळ व्यक्त करतात, ती आम्हाला आवडत नाही. मुलांना शिकवून बाहेर पाठवावे म्हणून आपणच पोटाला चिमटा घेतला. ती बाहेर गेली. आता तक्रार कसली?

तेराव्या दिवसापासून घरात आम्ही दोघेच राहिलो. गुरुजी ७४ वर्षांचे, वीस वर्षांपासूनचा मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. बाई ६९ वर्षांच्या, वॉकर घेऊन कोणाच्या तरी आधाराने चार पावले चालणाऱ्या. आम्ही हिशेब केला, तो चुकीचा होता. आम्ही म्हटले, एक आजारी आहे आणि एक धडधाकट आहे, म्हणजे भागेल. वस्तुतः आमच्या वयाच्या घरात धडधाकट कोणीच नसते. एकाचे दुखणे बाहेर दिसत असते आणि दुसऱ्याचे रांगेत उभे असते, इतकेच.

गुरुजींनी लग्नानंतर पंचेचाळीस वर्षांत चहापलीकडे काही केले नव्हते. ज्या घरात समतेची भाषणे होतात त्या घरातली ही गोष्ट आहे, आणि ती या व्यासपीठावरून सांगायला संकोच वाटतो. पहिली भाकरी महाराष्ट्राच्या नकाशासारखी झाली, कोकण जळाले आणि विदर्भ कच्चा राहिला. बाई खाटेवरून सूचना देत होत्या, त्यातल्या निम्म्या ऐकू येत नव्हत्या. पण भाकरीचे हसून झाले. बेडपॅनचे हसून होत नव्हते.

हे बोलायचे की नाही यावर आम्ही बराच विचार केला. बोलायचे ठरविले, कारण येथे बसलेल्या अनेक घरांत हेच चालू असेल. नवऱ्याने आपले मलमूत्र काढावे हे बाईंना हाडाच्या दुखण्यापेक्षा जास्त लागले. त्यांनी पाणी पिणे कमी केले, म्हणजे लघवीला कमी लागेल. संध्याकाळचे जेवण अर्धे केले. गुरुजींना वाटले, औषधांनी भूक गेली असेल. लघवीला जळजळ होऊन ताप आला तेव्हा सिस्टरांनी विचारले, "दिवसात किती पाणी पिता?" बाई गप्प. तेव्हा पहिल्यांदा आमच्यात बोलणे झाले. गुरुजी म्हणाले, "अगं, बालवाडीत तू दीडशे पोरांची ढुंगणं धुतलीस ना?" बाई म्हणाल्या, "ती पोरं होती." गुरुजींकडे त्यावर उत्तर नव्हते. त्यांनी तांब्या भरून उशाशी ठेवला, आणि तो रिकामा झाला की नाही ते पाहू लागले.

बाई लपवीत होत्या हे सांगितले. गुरुजीही लपवीतच होते. त्याच आठवड्यात बाईंच्या अंघोळीसाठी गरम पाण्याची बादली नेताना त्यांच्या डाव्या पावलावर पाणी सांडले. दुखले नाही. मधुमेहात पुष्कळ वर्षांनी पायाच्या नसा बधिर होतात, भाजले, टोचले, काही कळत नाही. संध्याकाळी फोड दिसला, तेव्हा त्यांनी मोजा चढविला. "हिला सांगून काय करणार, ती आणखी घाबरेल," हा त्यामागचा विचार. आणि बाईंचा पाणी न पिण्यामागचा विचार, "यांना सांगून काय करणार, हे आधीच थकलेत." दोघेही एकमेकांची काळजी करत होतो आणि त्या काळजीपोटीच एकमेकांना खड्ड्यात ढकलत होतो.

आता त्या रात्रीचे सांगतो.

ऑगस्ट महिना होता. गुरुजींनी साडेसात वाजता इन्सुलिन टोचून घेतले. त्यानंतर अर्ध्या तासात जेवायचे असते. पण डाळ उतू गेली, मग गॅस पुसला, मग बाईंना कमोडच्या खुर्चीवर बसविले, उठविले, मग फरशी ओली झाली म्हणून पुसायला घेतली. पुसताना अडथळा नको म्हणून वॉकर भिंतीला लावून ठेवला. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. दाराला आतून कडी आणि वरची खिट्टीही होती, कारण आम्ही म्हातारी माणसे चोरांना फार घाबरतो. जेवण राहून गेले.

नऊच्या सुमारास गुरुजी फरशीवर बसले. घामाने बनियन ओला. बाईंनी विचारले, "अहो, जेवलात का?" गुरुजींनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. खरोखर वर्गाची हजेरी, एकामागून एक मुलांची नावे, तीस-चाळीस वर्षांपूर्वीची. बाईंना आधी हसू आले. मग नावे अडखळू लागली आणि गुरुजी एका कुशीवर कलंडले.

खाटेपासून ते चार फुटांवर होते. वॉकर आठ फुटांवर. बाईंनी हाका मारल्या. पाऊस आणि शेजाऱ्यांचा टीव्ही, कोणाला ऐकू जाईना. त्यांनी उशाचा स्टीलचा पेला घेतला आणि भिंतीवर आपटायला सुरुवात केली. वीस मिनिटे त्या पेला आपटत होत्या. त्या पेल्याची कड आत गेली आहे, तो आम्ही अजून वापरतो. शेवटी शेजारच्या मुलीला वाटले की एवढ्या रात्री हे खिळे कसले ठोकताहेत, आणि तिने येऊन दार वाजविले. आतून बाईंचा आवाज ऐकल्यावर माणसे जमली, हातोड्याने कडी तोडली.

आत आल्यावर एकाने गुरुजींच्या नाकाला कांदा लावला. दुसरा चमच्याने पाणी पाजायला निघाला. बाई खाटेवरून ओरडत होत्या, "पाणी नको! साखर कमी झालीय त्यांची! सिस्टरांना बोलवा!" बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचे नाही, ते श्वासनलिकेत जाते. माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तरच तीन चमचे साखर किंवा साखरेचे पाणी द्यायचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे आणि मग जेवायला घालायचे. बाईंना हे ठाऊक होते, कारण वीस वर्षे गुरुजींच्या मधुमेहाची वही त्याच लिहीत आल्या आहेत. सिस्टरांनी बोट टोचून पाहिले, साखर ३४. सत्तरच्या खाली गेली की धोका धरतात. ज्या खुर्चीवरून बाईंना उतरविले होते त्याच खुर्चीवरून, त्याच चार मुलांपैकी तिघांनी गुरुजींना उतरविले. जवळच्या नर्सिंग होममध्ये शिरेतून ग्लुकोज दिले आणि थोड्याच वेळात त्यांनी डोळे उघडले. भोवती एवढी माणसे पाहून पहिले वाक्य बोलले, "आज पालकसभा आहे का?"

तेथेच डॉक्टरांनी मोजा काढला. पुढचे अडीच महिने ती जखम भरून यायला लागले. बोट वाचले, यात आमची हुशारी काही नाही.

त्या रात्री गुरुजी नर्सिंग होममध्ये आणि बाई घरी सिस्टरांच्या सोबतीने, असे आम्ही वेगवेगळे जागे होतो. दुसऱ्या दिवशी दोघांनी बसून एकेक लपविलेली गोष्ट बाहेर काढली. बाई त्या पडण्याआधी सहा महिन्यांत स्वयंपाकघरात दोनदा पडल्या होत्या. उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. कोणालाच सांगितले नव्हते. डॉक्टरांना सांगितले असते तर त्यांनी रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर असा दोन्ही वेळा मोजला असता, गोळी बदलली असती. त्याही आधी, चार वर्षांपूर्वी, पिशवी घेऊन पडल्याने त्यांचे मनगट मोडले होते. प्लास्टर घातले, निघाले, विसरलो. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने बाईमाणसाचे मनगट मोडते तेव्हा हाडे ठिसूळ झाल्याची ती सूचना असते, त्या वेळीच हाडांची घनता तपासायची असते, त्यावर औषधे आहेत, हे आम्हाला खुबा मोडल्यावर कळले. आणि गुरुजींची साखर महिन्याभरात तीनदा पहाटे कमी झाली होती. घाम यायचा, हात कापायचे, ते उठून गुपचूप गूळ खायचे. वहीत नोंद नाही.

असे का केले? आम्ही पुष्कळ विचार केला. भीती होतीच, पण दुसरेही एक कारण होते. आपल्या पिढीने कोणापुढे हात पसरायचा नाही हे व्रत घेतलेले आहे. आपल्या आईबापांनी शिळ्या तुकड्यासाठी दारोदार उभे राहिलेले आपण ऐकले आहे, काहींनी पाहिले आहे. त्यामुळे मागणे हा शब्दच आपल्याला टोचतो. आयुष्यभर वर्गणी दिली, घेतली नाही. पण शेजारणीला "दोन दिवस भाजी पाठव" म्हणणे आणि मालकाच्या दारात उभे राहणे यात फरक आहे, तो आम्हाला सत्तरी उलटल्यावर शिकावा लागला. बाबासाहेबांनाही मधुमेह होता, पायांच्या वेदना होत्या, आणि १९४८ नंतर माईसाहेबांची डॉक्टरी देखरेख त्यांनी घेतली. आपण त्यांच्यापेक्षा मोठे स्वाभिमानी आहोत काय?

गुरुजी खाटेवर आणि बाई खुर्चीवर, अशा त्या दिवसांत आम्ही विनयपिटकातील महावग्ग काढून वाचला. त्यातला प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. एक भिक्षू अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेला, कोणी त्याच्याकडे पाहत नाही. भगवान आणि आनंद जातात, भगवान पाणी ओततात, आनंद धुतात, मग एक डोके धरतो, दुसरा पाय धरतो आणि त्याला उचलून बिछान्यावर ठेवतात. जो आजाऱ्याची सेवा करतो तो माझी सेवा करतो, हा त्यातला आशय भाषणांतून नेहमी सांगितला जातो. पण त्याच ठिकाणी पुढे जे आहे ते क्वचित सांगितले जाते. कोणत्या आजाऱ्याची सेवा करणे अवघड, याचीही तेथे गणना आहे. जो अपथ्य करतो, पथ्याच्या गोष्टीतही प्रमाण जाणत नाही, औषध घेत नाही, वेदना सोसत नाही, आणि जो सेवा करणाऱ्याला आपले दुखणे खरे खरे सांगत नाही, वाढले तर वाढले, उतरले तर उतरले असे सांगत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या यादीत आम्ही दोघेही सापडलो. वेदना मात्र आम्ही सोसल्या, नको तितक्या सोसल्या.

आणखी एक आठवण बाईंनी काढली. अंगुत्तरनिकायात नकुलपिता आणि नकुलमाता हे भग्ग देशातले म्हातारे जोडपे येते. नकुलपिता फार आजारी पडतो, वाचेल असे वाटत नाही. नकुलमाता त्याच्याजवळ बसून रडत नाही. ती सांगते की मी सूत कातू शकते, लोकर विंचरू शकते, मुलांना वाढवीन, घर चालवीन, तेव्हा काळजी घेऊन जाऊ नका. त्याच्या मनात काय काय भीती असेल, ती एकेक उघड बोलून दाखविते. तो बरा होतो आणि काठी टेकीत भगवंतांना भेटायला जातो. बाई म्हणाल्या, "बघा, तिने विचारलं नाही की बरं वाटतंय का. ज्याची भीती वाटत होती तेच बोलली." त्या दिवशी आम्हीही बोललो. एक गेला तर दुसऱ्याने कोठे राहायचे, पेन्शनचे कागद कोठे आहेत, पुण्याला जायचे की नाही. दोन तास बोललो. त्यानंतर कित्येक आठवड्यांनी बाईंना गाढ झोप लागली.

घरात काय बदलले ते थोडक्यात सांगतो. दाराची आतली कडी काढून टाकली, बाहेरून किल्लीने उघडणारे कुलूप बसविले आणि एक किल्ली शेजारी, एक सिस्टरांकडे. बालवाडीची पितळी घंटा बाईंच्या उशाशी आली, एक घंटा म्हणजे या, सतत घंटा म्हणजे धावा. मोबाइलला दोरी लावून गळ्यात घातला, दिसायला वाईट दिसते. मोरीचा कठडा फोडला, भिंतीला धरायला पाइप बसविला. पायपुसणी टाकून दिली. रात्री झिरोचा दिवा. साखरेच्या पुड्या खाटेजवळ, खिशात आणि देवळीत. इन्सुलिन टोचण्याआधी ताट वाढलेले समोर हवे, मग सुई. आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी वही उघडायची, दोघांनीही आपापले दुखणे खरे सांगायचे आणि दुसऱ्याने लिहायचे. पहिल्या आठवड्यात गुरुजी "विशेष काही नाही" लिहवीत. बाईंनी ते मानले नाही, शेरा मारून परत पाठविले.

जेवणाचे महिला मंडळाने पाहिले. सात घरे, सात वार. गुरुवारची भाजी तिखट असायची, पण तक्रार करायची नाही असे आम्ही ठरविले होते. एक महिना घेतले आणि मग बाई उंच स्टुलावर बसून ओट्याशी भाजी चिरू लागल्या.

भेटायला येणाऱ्यांविषयी रागावू नका, पण बोलतो. तुम्ही प्रेमाने येता. मात्र खुबा मोडलेल्या बाईच्या उशाशी बसून, आपल्या चुलत सासूचा असाच खुबा मोडला होता आणि त्या तीन महिन्यांत गेल्या, ही हकीकत सांगू नका. आम्हाला अशा पाच चुलत सासवा ऐकायला मिळाल्या. बिस्किटांचे पुडे आणू नका, आमच्या घरात मधुमेह आहे. आणि चहा नको असे खोटे म्हणू नका. स्वयंपाकघरात जा, चहा करा, आम्हालाही द्या आणि कप विसळून ठेवा. सिस्टरांची आई एकदा आली, काही बोलली नाही, दोन चादरी धुऊन वाळत घालून गेली. तिची भेट आम्हाला आजही आठवते.

पैशाचे दोन शब्द. आमच्या वेळी नव्हते ते आता आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वय वंदना कार्ड काढता येते आणि योजनेतील रुग्णालयात भरती होऊन घेतलेल्या उपचारांना वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. रोजच्या गोळ्या त्यात नाहीत. कार्ड पडण्याआधी काढावे, पडल्यावर धावपळ होते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मदतीची दूरध्वनी सेवाही आहे, क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहून ठेवा. आमच्या भिंतीवर त्याच्या खाली सिस्टरांचा क्रमांक आहे, आणि खरे सांगायचे तर आधी तोच फिरवतो.

आता संस्थेकडे एक मागणे. मागायला शिकलो आहोत, म्हणून मागतो. बाई बरे झाल्यावर पहिल्यांदा विहारात आल्या तेव्हा सर्व जण खाली सतरंजीवर बसले होते. त्यांना खाली बसता येत नाही. कोणीतरी कार्यालयातून एक खुर्ची आणून मागे ठेवली. भगवंतांच्या मूर्तीसमोर आपण सर्वांपेक्षा उंच बसलो आहोत, या संकोचाने त्या वंदना संपण्याआधी उठून बाहेर गेल्या. पुढचे चार महिने आल्या नाहीत, आणि कोणी विचारले तर पाय दुखतो म्हणून सांगितले. पाय दुखत नव्हता. आज येथे गुडघ्यांनी, कंबरेने, खुब्यांनी जायबंदी झालेले किती जण आहेत ते आपण आजूबाजूला पाहा. विहारात एक खुर्ची मागे ठेवू नका, दहा खुर्च्यांची एक रांग कायमची ठेवा, म्हणजे त्यात बसणारा एकटा पडणार नाही. दोन खुर्च्यांचे पैसे आम्ही देतो, आठ उरतात.

शेवटची गोष्ट. बाई आता काठी घेऊन चालतात, ५४ पायऱ्या आठवड्यातून दोनदा उतरतात. त्यामुळे आमचा वॉकर, कमोडची खुर्ची आणि मुलाने घेऊन दिलेली चाकांची खुर्ची, या तीन वस्तू आम्ही संस्थेच्या कपाटाशेजारी आणून ठेवल्या आहेत. वॉकरची रबरी बुडे झिजली होती, ती नवी बसविली आहेत, कारण झिजलेल्या बुडाचा वॉकर ओल्या फरशीवर घसरतो. ज्यांना लागेल त्यांनी घेऊन जावे. अनामत नाही, अर्ज नाही. परत आणताना जंतुनाशकाने पुसून आणावे. किल्ली दुसऱ्या मजल्यावर सिस्टरांकडे आहे, त्या ड्युटीवर असतील तर आमच्याकडे. आमचे दार आता बाहेरून उघडते.

जयभीम.